दोघांच्या वजनाचा उजेड

माझ्या स्कूटरचा दिवा गेल्या वर्षापासून रस्त्यावर फार जवळ पडत होता. पुढच्या चाकासमोर एक पिवळा तुकडा उजळायचा आणि त्यापलीकडे अंधार. बिघाड काही नव्हता. बल्ब चांगला होता, काच स्वच्छ होती, बॅटरी नवी होती. तो दिवा दोन माणसांच्या वजनावर बसवलेला होता आणि आता गाडीवर एकच माणूस बसत होता, एवढंच त्याचं कारण. दिव्याच्या खालच्या बाजूला एक स्क्रू असतो. तो थोडा फिरवला की उजेड वर येतो. चहा गाळून होईपर्यंत संपणारं काम आहे. नोकरीभर मी हे लोकांना सांगत आलो. स्वतःच्या गाडीचा स्क्रू मात्र मी फिरवला नव्हता.

नोकरीतलं काही लिहून द्या, असा या अंकाच्या संपादकांचा फोन आला तेव्हा मी या स्क्रूपाशीच थांबलेलो होतो. त्यामुळे लिहायला बसलो तर सुरुवात तिथूनच झाली.

मी मोटार वाहन निरीक्षक होतो. लोकांना आमचं खातं म्हणजे लायसन आणि नाक्यावर उभं राहणं एवढंच वाटतं. प्रत्यक्षात आमचं बरंचसं काम पाहण्याचं असतं. दुचाकीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते. गाडी पुढे चालवायची तर ती पुन्हा आणून दाखवावी लागते. याला सगळे पासिंग म्हणतात. निरीक्षक चेसिस नंबर ताडून पाहतो, ब्रेक, हॉर्न, आरसे, टायर आणि दिवे पाहतो. शेवटची वर्षं मी गोंदियातच होतो. घर फुलचूरला. आठवड्यातले बरेच दिवस गोंदियाच्या तपासणी मैदानावर आणि महिन्यातल्या ठरलेल्या दिवशी देवरीला कॅम्प, कारण तिकडच्या माणसाला जुनी गाडी दाखवायला गोंदियापर्यंत आणायला लावणं बरं नव्हे.

त्या वर्षांत माझा सर्वांत जास्त वाद झाला तो हेडलाइटमधल्या एलईडी बल्बवरून. जुन्या गाडीत पिवळा हॅलोजन बल्ब येतो. तो काढून बाजारात मिळणारा पांढरा एलईडी बल्ब त्याच खोबणीत बसवला की पासिंग होत नाही. लोक विचारत, "शोरूमची नवी गाडी एलईडीची येते, ते चालते. मंग माह्याच गाडीले काऊन नाही चालत?" प्रश्न बरोबर होता. मैदानावर रांग लागलेली असताना त्याचं उत्तर पूर्ण देता येत नसे, ते इथे देतो.

हेडलाइट म्हणजे नुसता बल्ब नव्हे. बल्ब, त्याच्या मागची चकचकीत वाटी आणि पुढची काच मिळून तो दिवा होतो, आणि सरकार मंजुरी देतं ती या तिघांना एकत्र. हॅलोजन बल्बमध्ये बारीक तार जळते. ती तार नेमक्या जागी आहे असं धरून वाटीचा बाक घडवलेला असतो. एलईडी बल्बमध्ये प्रकाशाचे ठिपके दोन बाजूंना आणि वेगळ्या जागी असतात. दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा घातला तर काच कितीही महाग असो, अक्षर पसरतंच. तसा हा प्रकाश पसरतो. रस्त्यावर पडायचा तो समोरच्या माणसाच्या डोळ्यांत जातो. कायद्याचं म्हणणं दोन ओळींत मावतं. कंपनीने ज्या रूपात गाडी मंजूर करून घेतली त्यात परवानगीशिवाय फेरफार करायचा नाही, आणि समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतील असा दिवा लावायचा नाही. एलईडीवर बंदी नाही. कंपनीने एलईडीसाठीच घडवून मंजूर करून घेतलेला पूर्ण दिवा चालतो. जुन्या वाटीत नवा बल्ब चालत नाही. असे काही बल्ब ज्या खोक्यांतून येतात त्यांच्या तळाशी, फक्त सार्वजनिक रस्त्याबाहेर वापरण्यासाठी, असं बारीक इंग्रजी अक्षरांत छापलेलं मी वाचलेलं आहे. तळ वाचून बल्ब घेणारा मला कोणी भेटला नाही.

गोंदियातले एक राइस मिलवाले शेठ आले होते. साध्या स्कूटरला हँडलवर दोन आणि आत एक असे तीन पांढरे दिवे. मी नाही म्हटल्यावर ते शांतपणे म्हणाले, "साहब, मिल से लौटते अँधेरा हो जाता है. उजाला करना गुनाह है क्या?"

"तुम्हाला उजाला होतो शेठजी, समोरच्याला काहीच दिसत नाही."

"तो सामनेवाला भी लगवा ले!"

मी तेव्हा हसलो. पण झालं अगदी तसंच. आज संध्याकाळी बालाघाट रोडला उभं राहिलं तर येणारा प्रत्येक जण डोळ्यांवर हात धरून येतो आणि प्रत्येकाच्या गाडीचा दिवा दुसऱ्याच्या डोळ्यांवर असतो. शेठजींचा सल्ला लोकांनी मानला. माझा मानला नाही.

मैदानाबाहेर कडुनिंबाखाली प्रेमलाल बसत असे. तो ऑटो इलेक्ट्रिशियन. लाकडी खोकं, टेस्टर, वायरींची वेटोळी आणि एक कापडी पिशवी. त्या पिशवीत पासिंगचं सामान असे. पिवळे बल्ब, हॉर्न, मागचे लाल रिफ्लेक्टर, आरसे. ज्याच्या गाडीत एलईडी असेल त्याला तो हॅलोजन बल्ब भाड्याने देई. गाडी आत जाई, पास होई, बाहेर आली की बल्ब पुन्हा पिशवीत. देवरीला कॅम्प असला की प्रेमलाल पिशवीसह देवरीला. सरकारी गाडी पोचण्याआधी तो तिथल्या झाडाखाली हजर असे.

एकदा सकाळी एका गाडीला गोल आरसा होता आणि त्यावर 'आईचा आशीर्वाद' असं चिकटवलेलं होतं. थोड्या वेळाने दुसऱ्या गाडीला तोच आरसा. दुपारी तिसऱ्या गाडीला. एकाच आईचा आशीर्वाद त्या दिवशी तीन घरांना मिळाला. मी बाहेर गेलो आणि म्हटलं, "प्रेमलाल, हा आरसा मी सकाळपासून पाहतो आहे."

तो मान वर न करता म्हणाला, "आरशात मानूस सोताचंच थोबाड पाहाते साहेब. तुमी आरसा कायले पाहून राहिले?"

मी तिन्ही गाड्या परत बोलावल्या. त्याने तिघांना नवे आरसे विकले आणि मला चहा पाजायला निघाला. चहा मी घेतला नाही. आमचं नातं पुढे बरीच वर्षं असंच चाललं. मी त्याची पिशवी बंद करू शकलो नाही. गाडीत बल्ब असेल तर तो कुणाचा आहे हे विचारण्याची तरतूद कायद्यात नाही.

आता मडावी सिस्टरबद्दल लिहितो, कारण माझ्या दिव्याचा संबंध त्यांच्याशी आहे. चिचगडकडच्या उपकेंद्रात त्या आरोग्यसेविका होत्या. देवरीच्या कॅम्पला त्यांनी जुनी स्कूटर आणली. सगळं ठीक होतं, पण दिव्यात एलईडी. प्रेमलाल पिशवी घेऊन मागे उभाच होता, पण बाईंनी त्याच्याकडे पाहिलं नाही. गाडी जशी चालवतात तशीच आणली होती. मी नाही म्हटलं तेव्हा त्या चिडल्या नाहीत. हेल्मेट सीटवर ठेवून समोर उभ्या राहिल्या.

"साहेब, सांजच्याला आमच्या रस्त्यानं एकडाव गाडी चालवून पाहा. दोन्ही बाजूनं जंगल हाय. डुकरं आडवी येतात, अस्वल येते. जुन्या पिवळ्या लायटीत मले झाडाचे शेंडे दिसत होते, रस्ता नव्हता दिसत. एलईडी टाकली तं रस्ता दिसून राहिला. आता तुमी म्हणता काढा. मंग पेशंट कोन पाहील, तुमी?"

"समोरून सायकलवाला आला तर त्याला काही दिसणार नाही, सिस्टर."

"सायकलवाला रोजचा हाय. तो खाली उतरून उभा राहाते."

त्या हे अभिमानाने म्हणाल्या नाहीत. रस्त्याची रीत सांगावी तसं सांगितलं. मी गाडी नापास केली आणि पुढच्या कॅम्पला या म्हटलं. तोवर गाडी चालवणं बेकायदा होतं, आणि काही झालं असतं तर विम्यालाही कारण मिळालं असतं. त्या पायी चालणार नव्हत्या हे मला कळत होतं, त्यांनाही कळत होतं.

त्या दिवशी जेवताना मी हे सुमनला सांगितलं. सुमन माझी बायको. ती शाळेत गणित शिकवायची. माझ्या नोकरीतल्या गोष्टी ती वह्या तपासता तपासता ऐके आणि सहसा काही बोलत नसे. त्या दिवशी तिने लाल पेन खाली ठेवलं.

"शेंडे दिसतात म्हणाली?"

"हो."

"मंग तिच्या मांगं कोनीतरी बसून असंल. लायटीचं तोंड वर झालं, आनखी काय?"

हे तिला सुचण्याला कारण होतं. आमच्या स्कूटरवर ती कायम मागे, एका बाजूला बसत असे. मागे वजन आलं की मागची स्प्रिंग दबते, गाडीचं नाक उचलतं आणि दिवा वर पाहू लागतो. गाडी नवी असताना मी अंगणात एकटा बसून दिवा नीट करून घेतला होता. मग ती मागे बसली आणि फाटकाबाहेर पडताच समोरच्या घराच्या गच्चीवरचे कपडे उजळले. तेव्हा ती उतरून म्हणाली होती, "गाडीवर मीबी बसनारच आहो ना? मंग मले उतरवून लायटीची सेटिंग कायले करता?"

शाळेतून निळा खडू आणून तिनेच कंपाउंडच्या भिंतीवर आडवी रेषा ओढली. रीत सोपी असते. सपाट जागेवर भिंतीपासून ठरावीक अंतरावर गाडी उभी करायची, दिव्याच्या उंचीपेक्षा थोडी खाली भिंतीवर रेषा काढायची, आणि उजेडाची वरची कड त्या रेषेवर येईपर्यंत स्क्रू फिरवायचा. फक्त गाडी रोज जशी चालते तशी भरलेली पाहिजे. आम्ही दोघं गाडीवर बसलो आणि प्रेमलालने स्क्रू फिरवला. "मॅडम, श्वास सोडू नका, लाईट हालते," असं तो मधूनमधून म्हणत होता आणि सुमन हसत असल्यामुळे लाईट खरोखरच हलत होती. पुढे दर दिवाळीला चुना दिला की ती तीच रेषा पट्टी लावून, पावसात जाऊ नये म्हणून निळ्या ऑइलपेंटने, पुन्हा ओढत असे.

पुढच्या कॅम्पला मी सिस्टरना पहिला प्रश्न विचारला, "मागे काय असतं?"

"आशाताई असते. तिच्या मांडीवर लशीचा डबा. औषधाची थैली पुढं, पायाजवळ."

"मग त्यांना घेऊन या."

आशाताई बाजारात होत्या. त्या आल्या. डबा रिकामा होता, तो प्रेमलालने पाण्याच्या बाटल्यांनी भरला. सावलीतल्या पडक्या गोदामाची भिंत निवडली आणि तिच्यावर कोळशाने रेषा ओढली. सिस्टर पुढे, आशाताई मागे, मांडीवर डबा. प्रेमलालने एलईडी काढून पिवळा बल्ब बसवला. हा मात्र विकत दिला, भाड्याने नाही. दिवा लावला तर उजेड गोदामाच्या पत्र्यांवर. जमलेले लोक हसले. त्यानंतर त्याने स्क्रू फिरवायला घेतला आणि उजेड पत्र्यांवरून खाली, भिंतीवर, आणि शेवटी कोळशाच्या रेषेवर आला. गाडी पास झाली.

त्यानंतरच्या कॅम्पला त्या दुसऱ्या कुणाच्या तरी गाडीसोबत आल्या होत्या. दुरूनच म्हणाल्या, "रस्ता दिसते साहेब. शेंडे पाखरायसाठी सोडून देल्ले."

हे सुमनला सांगितलं तेव्हा ती वहीत मान घालून होती. "कोनाच्या मांगं बसनाऱ्याले कोनी विचारत नाही," एवढं म्हणाली आणि पुढची वही घेतली.

मला एक खंत आहे, तीही इथेच सांगून टाकतो. सिस्टरसारख्या आणखी किती जणांना मी नुसतं नापास केलं असेल. नियम मी बरोबर लावला, पण दिसत का नाही, हे विचारायला रांगेत वेळ नव्हता. पांढऱ्या बल्बच्या मागे बहुतेक वेळा काहीतरी साधं असतं. काळवंडलेली वाटी, पिवळी पडलेली काच, कुरतडलेली वायर, नाहीतर मागे बसलेलं माणूस.

मी निवृत्त झालो. काही वर्षांनी सुमन आजारी पडली. आजार लांबला आणि गेल्या वर्षी ती गेली.

त्यानंतर मी स्कूटर बाहेर काढली तेव्हा संध्याकाळ होती. दिवा लावला तर उजेड भिंतीवर निळ्या रेषेच्या वीतभर खाली पडला. काय झालं ते मला लगेच समजलं. वेगळं काही समजायचं नव्हतंच. मागचं वजन गेलं, नाक खाली आलं. कायद्याच्या दृष्टीने यात वावगं काही नाही. खाली पडणाऱ्या दिव्याने कुणाचे डोळे दिपत नाहीत. त्रास असला तर तो चालवणाऱ्यालाच. म्हणून मी तो तसाच ठेवला. संध्याकाळी हळू जायचं, ओळखीच्या रस्त्यानेच जायचं, असं ठरवून टाकलं. वाचनालयात जातो, परत येतो. तेवढ्याला पुरेल असं वाटलं.

पुरलं नाही. या पावसाळ्यानंतर एकदा दिवेलागणीला वाचनालयातून परतताना फुलचूरच्या वळणावर एक म्हातारा सायकलवर गवताचा भारा बांधून, सायकल हाताने ढकलत चालला होता. मला तो दिसला तेव्हा भारा माझ्या हँडलला लागलाच होता. मी ब्रेक दाबला. गवत थोडं सांडलं, सायकल आडवी झाली. म्हाताऱ्याला लागलं नाही. त्याने मला नीट पाहिलं, पांढरे केस पाहिले, आणि म्हणाला, "दिसत नाही तं गाडी कायले चालवता बाबूजी? दिवा हाय का देवघरातली वात हाय?"

आम्ही दोघांनी मिळून भारा पुन्हा बांधला.

दुसऱ्या दिवशी मी प्रेमलालला फोन केला. त्याचं आता फुलचूर नाक्याला दुकान आहे. संध्याकाळी तो घरी आला, गाडी पाहिली, भिंत पाहिली. त्याला सांगावं लागलं नाही. थोडा वेळ तो टेस्टरशी खेळत बसला. मग म्हणाला, "स्क्रूले हात नाही लावायचा तं एक उपाय हाय साहेब. एलईडी टाकून देतो. लाईट चारी बाजूले फेकते, दूरचंबी दिसंल. सेटिंग मॅडमच्या वेळची तशीच राहील. तुमी रिटायर मानूस, तुमाले कोन अडवते?"

मी नाही म्हटलं नाही. हे लिहिताना ते मला विशेष वाटतं. ज्या गोष्टीला मी वर्षानुवर्षं नाही म्हणत आलो, ती पहिल्यांदाच मला हवीशी वाटत होती. त्या बल्बसाठी लोक किती कारणं आणत ते मी ऐकलं होतं. मिल, जंगल, रातपाळी, म्हातारपण. माझं कारण त्या यादीत नव्हतं. असतं तर ते मी कुणाचं मान्य केलं असतं असंही नाही.

"लाव बघू," मी म्हटलं.

त्याने बल्ब बसवला. मी गाडीवर बसलो आणि दिवा लावला. भिंत पूर्ण पांढरी झाली. भिंतीतला तुळशीचा कोनाडा, वरचं पेरूचं झाड, शेजाऱ्यांची खिडकी, सगळं उजळलं. उजेडाला कड नव्हती. निळी रेषा मी शोधत होतो, ती त्या पांढऱ्यात दिसतच नव्हती. शेजाऱ्यांच्या खिडकीतून वहिनींचा आवाज आला, "अहो भाऊजी, बंद करा ना! डोळे फुटतील का काय?"

मी दिवा बंद केला. काही वेळ डोळ्यांपुढे हिरवे ठिपके राहिले. समोरच्याला असं होतं हे मी हजारदा सांगितलेलं होतं. भिंतीवरून परत आलेला उजेड मी प्रथमच आपल्या डोळ्यांवर घेतला.

"काढ तो," मी म्हटलं. "पिवळाच लाव. आणि स्क्रू फिरव."

प्रेमलालने एलईडी बल्ब काढला. पिवळा बल्ब पुन्हा बसवला, दिव्याखाली उकिडवा बसला. उजेड रेषेच्या वीतभर खाली पडला होता. रेषा आता पुन्हा दिसत होती. गेल्या दिवाळीला चुना दिला नव्हता, त्यामुळे ती तिनेच ओढलेली होती. थोडी पुसट झालेली, पण पट्टी लावून काढलेली, सरळ.

त्याने स्क्रूड्रायव्हर लावला आणि माझ्याकडे वळून पाहिलं. मी नेहमीसारखा सीटच्या पुढच्या टोकाशी बसलो होतो, हँडलला लागून. मागची अर्ध्याहून अधिक सीट मोकळी होती.

"साहेब, लय पुढं बसून आहा. असं बसले तं मांगं वजन येत नाही, सेटिंग बदलते. जरा मधात सरका."

मी सरकलो. मग पुन्हा पुढे आलो. कारण हे खरं नव्हतं.

"रोज कसे बसता?" त्याने विचारलं.

"असाच."

तो पुन्हा दिव्याकडे वळला. "मंग असेच बसा," म्हणाला. "गाडी रोज जशी चालते, तशीच सेटिंग करा लागते."

त्याने स्क्रू फिरवायला सुरुवात केली. उजेड भिंतीवर हळूहळू वर सरकला आणि निळ्या रेषेवर येऊन थांबला. मी श्वास धरून बसलो होतो. उजेड हलला नाही.